हिरकणीवाडीतून दिसतो तो कडा, दिसत नाही तो दरवाजा

हिरकणीवाडीच्या रस्त्यावर उभे राहून मान वर केली की रायगडाचा काळा कडा दिसतो, कड्याच्या टोकावरचा बुरूज दिसतो आणि पावसाळा नुकताच सरला असेल तर खडकावरून उतरणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात. दरवाजा मात्र दिसत नाही. एवढ्या मोठ्या गडाला आत जायची वाट कुठून, हे खालून कितीही निरखले तरी कळत नाही. बांधणाऱ्याची तीच इच्छा होती.

महाडहून हिरकणीवाडी पंचवीसेक किलोमीटर. वाटेत पाचाड लागते. तिथे जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे. महाड हे आज आपल्याला महामार्गावरचे गाव वाटते, पण ते मुळात बंदर. सावित्रीच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते दासगाव आणि महाडपर्यंत येत. खाडीकाठच्या आपल्या कोकणी मुसलमान वस्त्यांचे पाय त्याच पाण्यात रुजलेले आहेत. म्हणजे रायगडाचा पहिला दरवाजा खाली समुद्राकडे उघडत होता म्हणायचे. पुढचे दरवाजे डोंगरात.

हिरकणीवाडीत 1996 पासून रोपवे आहे. चार-पाच मिनिटांत माणूस वर पोहोचतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, लेकुरवाळ्यांसाठी ही मोठीच सोय, आणि तिला नावे ठेवणारे बहुधा गुडघे शाबूत असलेले लोक असतात. फक्त एक गोष्ट होते. रोपवेने जाणारा माणूस महादरवाजा न ओलांडताच गडावर पोहोचतो. राजवाडा, बाजारपेठ, समाधी पाहून तो खाली येतो आणि ज्याच्यामुळे हा गड गड होता, ते पाहायचे राहूनच जाते.

म्हणून आम्ही वाटणी केली. नानी, खाला आणि दोन लहानगी रोपवेने. मामू, आम्ही भावंडे आणि शाळेत जाणारे दोन भाचे पायी. भेटायचे वर, मेणा दरवाज्यापाशी. नानीची सगळी हयात महाडमध्ये गेली. घराच्या माडीवरून पावसाळी हवा निवळली की डोंगर दिसतात. पण गडावर ती कधी गेली नव्हती. का, असे विचारले तर म्हणाली, "कोणी नेलं नाही, आणि आपण तिथं काय करायचं, असंही वाटायचं."

नानीचे हे दुसरे वाक्य आपल्या पुष्कळ घरांत न बोलता असते. गडाला जायला कोणी अडवलेले नसते. तरी सहल ठरवताना महाबळेश्वर ठरते, हाजीमलंग ठरते, मुरूडचा समुद्र ठरतो, गड राहतो. आज ज्या आवाजात गडांची नावे घेतली जातात, त्या आवाजाने कधी कधी पाय मागे येतो हे खरे आहे. पण पाय मागे घेऊन जे हरवते, त्याचा हिशेब कोणी करीत नाही.

पायी जाणारे बहुतेक जण चित् दरवाज्यापासून पायऱ्या चढू लागतात. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. चित् दरवाजा नावालाच उरला आहे. शेजारचा खुबलढा बुरूज मात्र आजही छाती काढून उभा आहे. आम्ही मुद्दाम जुन्या वाटेने, नाणे दरवाज्याने गेलो. त्याला नाना दरवाजाही म्हणतात. नाना म्हणजे लहान. 1674 च्या मे महिन्यात राज्याभिषेकासाठी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला, तो याच दरवाज्याने. दोन कमानी, आतल्या बाजूला पहारेकऱ्यांच्या दोन लहान खोल्या, आणि भिंतीत अडसर सरकवण्यासाठी ठेवलेल्या खोबणी. या खोलीवजा जागांना देवड्या म्हणतात. भाच्याने खोबणीत हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. असा अडसर उचलायला किती माणसे लागत असतील, यावर पुढची पन्नास पायऱ्या वाद चालला.

देवडीत बसून आम्ही पाणी प्यालो. देवडीत कोण बसत असेल? शिवाजी महाराजांच्या पायदळाचा सरनौबत नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता, फारसी पत्रव्यवहार काझी हैदर पाहत. ही नावे आपल्याला पाठ असतात. भाषणात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती काढून दाखवण्याची आपल्याला सवय लागली आहे, एखाद्या दाखल्यासारखी. आम्हाला ती तशी खिशात बाळगायला आवडत नाहीत. ती माणसे चाकरी करीत होती, चांगली करीत होती, आणि त्या काळात त्यात कोणाला नवल वाटत नव्हते. नवल आपल्याला वाटते, हीच खरी नवलाची गोष्ट.

वर चढत गेले की एक सपाटी लागते. तिला मशीदमोर्चा किंवा मदारमोर्चा म्हणतात. दोन पडक्या इमारतींचे अवशेष, एक मोठी तोफ, आणि मदनशहा नावाच्या साधूचे थडगे. पुढे खडकात कोरलेल्या तीन गुहा. या जागेवरून अलीकडे वादही झाले आहेत. आम्ही तिथे उभे राहून फातिहा पढलो आणि पुढे निघालो. शेजारून चढणाऱ्या साताऱ्याच्या एका मुलांच्या घोळक्याने चपला काढून थडग्याला हात जोडले, आमच्याकडे पाहिले, आणि विचारले, "अजून किती राहिलंय हो?" मामू म्हणाले, "निम्मं." सगळेच हसले.

मग महादरवाजा. खरे तर तो येतो असे म्हणणे चूक आहे. आपण त्याच्याकडे चालत असतो आणि तो दिसत नाही. तटाच्या कडेकडेने वाट वर जाते, उजवीडावीकडे दगडच दगड, आणि एका वळणावर दोन प्रचंड बुरुजांच्या बेचक्यात तो अचानक समोर उभा राहतो. एक बुरूज 75 फूट, दुसरा 65 फूट. वर दोन्ही बाजूंना दगडात कोरलेली कमळे. तटात खाली उतरती भोके ठेवली आहेत, त्यांना जंग्या म्हणतात. आतला माणूस त्यांतून खालच्या वाटेवर मारा करू शकतो आणि बाहेरच्याला तो दिसतही नाही.

त्या वळणात सगळी करामत आहे. हल्ला करणारे सैन्य कितीही मोठे असो, इथपर्यंत येता येता त्याची चिंचोळी रांग होते. हत्तीला धडक मारायला सरळ धाव लागते. ती इथे मिळत नाही. तोफ समोर उभी करायला मोकळी जागा लागते, तीही नाही. आणि दरवाज्यासमोर पोहोचलेला माणूस दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडलेला असतो. गड बांधणारे हिरोजी इंदुलकर. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर त्यांनी आपले नाव कोरून ठेवले आहे, देवाला येणाऱ्याचा पाय पडेल अशा जागी. एवढा मोठा दरवाजा उभा करणाऱ्याने स्वतःसाठी एक पायरी मागितली. त्या मंदिराचा घुमट बाहेरून पाहताना आपल्याकडच्या जुन्या मशिदीची आठवण होते, हेही जाता जाता सांगायला हवे. त्या काळचे गवंडी घुमट बांधायला शिकले होते, आणि जे चांगले येते ते ते बांधीत.

वाट वळवून दरवाजा लपवण्याची ही युक्ती एकट्या सह्याद्रीची नाही. मोरोक्कोची राजधानी रबात. तिथल्या जुन्या कसब्याचा बाब उदाया हा दरवाजा बाराव्या शतकाच्या अखेरीचा. समोरून पाहिला तर नक्षीदार कमान, आत शिरले की वाट एका दालनातून दुसऱ्यात वळते. नदीपलीकडे सला हे जुने बंदर आहे. 1260 मध्ये रमजान संपून ईदचे दिवस असताना कॅस्टिलच्या जहाजांनी सलावर अचानक हल्ला केला आणि शेकडो माणसे, बायकामुले धरून नेली. नदीच्या बाजूला शहराला तट नव्हता. मरिनी सुलतान अबू युसुफ याकूब याने मग तो तट बांधून घेतला आणि त्यात बाब मरिसा नावाचा दरवाजा उभारला. मरिसा म्हणजे छोटे बंदर. त्याची कमान इतकी उंच की शिडाचे जहाज कालव्यातून सरळ दरवाज्याच्या आत यावे आणि तटाच्या आडोशाला सुरक्षित उभे राहावे. आज तो कालवा बुजला आहे, जमीन वर आली आहे आणि जहाजांच्या दरवाज्यातून माणसे चालतात.

एवढे लांब तरी कशाला? आपल्याच जिल्ह्यात मुरूडचा जंजिरा आहे. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सिद्दींचा हा किल्ला. त्याचा मुख्य दरवाजा राजापुरी गावाकडे तोंड करून आहे, पण होडी अगदी भिंतीला लागायला आली तरी तो नजरेला पडत नाही. जवळ गेल्यावर कळते की दोन बुरुजांच्या मधल्या खाचेत तो बसवला आहे, आणि भिंतीवर पंजांत हत्ती धरलेला वाघासारखा प्राणी कोरलेला आहे. रायगड आणि जंजिरा एकमेकांचे हाडवैरी. तरी दोघांचे दरवाजे एकाच विचाराने बांधलेले, जणू एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले दोन कारागीर.

आणि एवढे करूनही गड गेलाच. 1656 मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून रायरी घेतली, 1674 मध्ये इथे राज्याभिषेक झाला, आणि 1689 च्या नोव्हेंबरात झुल्फिकारखानाच्या वेढ्यानंतर गड मोगलांच्या हाती पडला. महाराणी येसूबाई आणि लहानगे शाहू कैद झाले. गडाचे नाव इस्लामगड ठेवण्यात आले. पुढे तो सिद्दीकडे गेला आणि 1733 मध्ये मराठ्यांनी परत घेतला. इस्लामगड हे नाव आज कोणाच्या तोंडात नाही. गडाला नाव देऊन तो आपला होत नाही, हे औरंगजेबाच्या दरबारात कोणी सांगितले नसावे. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या. वर बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणशीबाई होत्या, आणि बचाव करणाऱ्यांत अरब शिपाई होते. त्यांचा म्होरक्या शेख अबूद. तोफांच्या गोळ्यांनी वाडे पेटले आणि 10 मे रोजी गड खाली झाला. महादरवाज्याला दोन्ही वेळा कोणी धडक देऊन फोडले नाही. एकदा बोलणी झाली, एकदा आग वरून आली. भाचा म्हणाला, "म्हणजे दरवाजा पास झाला." मामू म्हणाले, "दरवाजा पास, परीक्षा नापास." शेख अबूद इथवर कसा आला, त्याचे गाव कोणते, परत गेला का, यावर मुले बराच वेळ बोलत राहिली. शाळेच्या पुस्तकात त्यांना हा माणूस भेटला नव्हता.

वर पालखी दरवाज्याच्या एकतीस पायऱ्या चढून सरळ वाटेने मेणा दरवाज्याला आलो तेव्हा नानी तिथे दगडावर बसून आमची वाट पाहत होती. या दरवाज्याने राण्यांचे मेणे जात. "मेण्यातूनच आले मी," ती म्हणाली, "फक्त तारेवरच्या."

नानीला पाहायचे होते ते एकच, हिरकणीचा बुरूज. गंगासागर तलावाकडून पश्चिमेला एक चिंचोळी वाट त्या टोकाकडे जाते. महादरवाज्यापासून निघालेली तटबंदीही एका अंगाला टकमक टोकाकडे आणि दुसऱ्या अंगाला इथवर येते. टोकावर उभे राहिले की एका हाताला गांधारीचे खोरे, दुसऱ्या हाताला काळ नदीचे, खाली पाचाड, आपण पार केलेला मशीदमोर्चा, आणि कड्याच्या अगदी पायाशी वाडीची कौले.

हिरकणीची गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खालच्या वाडीतली गवळण, गडावर दूध घालायला आली. कोजागिरीचा दिवस, तिला उशीर झाला. सूर्य बुडाला, तोफ झाली, दरवाजे बंद. सकाळपर्यंत कोणासाठीही उघडायचे नाहीत, असा हुकूम. घरी तान्हे मूल. तिने विनवण्या केल्या, पहारेकऱ्यांनी ऐकले नाही, आणि ती अंधारात कडा उतरून घरी गेली. सकाळी महाराजांना कळले, त्यांनी तिचा गौरव केला आणि ज्या जागेवरून ती उतरली तिथे बुरूज बांधून तिचे नाव दिले. ही लोककथा आहे, आणि लोकांनी ती तीनशे वर्षे सांभाळली आहे.

नानीने ती आम्हाला लहानपणी सांगितली तेव्हा त्यात आणखी एक बाई असायची. हजरत हाजरा. ओसाड दरीत तान्हे इस्माईल (अ.) तहानेने रडताहेत, आणि आई सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये धावते आहे. सात खेपा. आजही हजला गेलेला प्रत्येक माणूस, मग तो बादशहा असो की हमाल, त्या आईच्या पावलांवर पाऊल टाकून सई करतो. नानी म्हणायची, "एक चढून पळाली, एक उतरून पळाली. लेकराचा आवाज ऐकला की बाईला डोंगर दिसत नाही."

आम्हाला या गोष्टीत पहारेकऱ्यांचाही राग येत नाही. त्यांचे काम दरवाजा बंद ठेवण्याचे होते. एका रात्री एका बाईसाठी उघडला, तर दुसऱ्या रात्री कोणासाठी उघडावा लागेल सांगता येत नाही. आपल्याकडेही संध्याकाळ झाली की मुलांना आत घ्या, दारे लावून घ्या, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पण हदीसमध्ये हेही आहे की प्रेषित (स.) नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत, आणि मागे एखादे मूल रडताना ऐकू आले की आईच्या जिवाची घालमेल ओळखून ती थोडक्यात आटोपत. हुकमाला कुठे वाकायचे हे ज्याला कळते, त्याच्या हातात हुकूम शोभतो. कथेतले महाराज दुसऱ्या दिवशी हिरकणीला शिक्षा करीत नाहीत, बक्षीस देतात. आणि बांधतात काय, तर बुरूज! म्हणजे आईचे कौतुकही केले आणि तिने दाखवलेली फटही बुजवली. राजा होता तो. दोन्ही कामे एका दगडात केली.

गडाला आणखी एक वाट आहे. कुशावर्त तलावाच्या बाजूने खाली उतरत गेले की घळीत वाघ दरवाजा लागतो. तिथून वर येणे जवळजवळ अशक्य, पण दोर लावून खाली उतरता येईल. 1689 च्या वेढ्यातून राजाराम महाराज याच दरवाज्याने निसटले असे सांगतात. किल्ल्याला एकच दरवाजा असणे धोक्याचे, दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहे. मुलांना तिकडे जायचे होते. घळ अवघड आहे, सोबत माहीतगार नसताना जाऊ नये. आम्ही वरूनच पाहिले.

जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसात गड सुंदर दिसतो, पण पायऱ्या शेवाळतात आणि वरून दगडही सुटतात. 6 जूनच्या आसपास राज्याभिषेकाच्या सोहळ्याला अफाट गर्दी असते. म्हाताऱ्या माणसांना तेव्हा नेऊ नये. सुटीच्या दिवशी रोपवेला तासन्‌तास थांबावे लागते, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. चढणाऱ्यांनी फजरनंतर लगेच निघावे, म्हणजे ऊन तापायच्या आत महादरवाजा गाठता येतो. जेवणाची चिंता नको. हिरकणीवाडीत आणि पाचाडला घरगुती जेवण मिळते: तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, ताक. हलालचा प्रश्नच येत नाही.

आम्ही जेवलो त्या घरी जोहरची नमाज कुठे पढू असे विचारले, तर घरच्या काकींनी पडवी झाडून धुतलेली चादर अंथरली, वुजूसाठी तांब्या-बादली आणून ठेवली आणि "पश्चिम हिकडं हाये बगा" म्हणून हात केला. नानीशी त्यांची लगेच गट्टी जमली. काकीही रोज गडावर जातात. पहाटे ताकाचा हंडा, काकड्या आणि लिंबे घेऊन पायऱ्या चढायच्या, महादरवाज्याच्या अलीकडे सावलीत बसायचे, आणि ताक संपले की उतरायचे. आमची थट्टा करीत म्हणाल्या, पायी चढणारे गिऱ्हाईक चांगले, त्याला तहान लागते. रोपवेतून उतरलेला माणूस ताकाला भाव विचारतो.

नानीने विचारले, "पोरं लहान होती तेव्हा कोण सांभाळायचं?"

"सासू होती. पर दिवस कलला की मी खाली," काकी म्हणाल्या. "आता दरवाजाला दारं नाहीत, कुणी लावीत नाही. तरी सवय ऱ्हायली."

निघताना त्यांनी नानीच्या पिशवीत दोन काकड्या टाकल्या आणि पैसे घेतले नाहीत. मामूंनी गाडी वळवली तेव्हा वर रोपवेचे शेवटचे पाळणे उतरत होते.